बिलावर उद्यम नंबर (लघुउद्योग नोंदणीचा) आहे म्हणून मी ग्राहक नाही? पोळीच्या मशीनच्या वॉरंटीबद्दल सल्ला हवा आहे

पोळीघर_चिंचवड

नमस्कार मंडळी. चिंचवडला माझं पोळी-भाजी केंद्र आहे, नऊ वर्षं झाली. आधी घरातूनच डबे द्यायचे, मग गाळा भाड्याने घेतला. रोज सहाशे-सातशे पोळ्या जातात. मी आणि मदतीला दोन बायका, बस. लाटून लाटून माझा उजवा खांदा आखडला, डॉक्टरांनी लाटणं बंद करायला सांगितलं, म्हणून मुद्रा कर्ज काढून पोळीचं मशीन घेतलं. जीएसटी धरून ४,५४,३०० रुपये. त्यातले साडेतीन लाख कर्जाचे, महिन्याला ७,६०० हप्ता. मशीन १८ नोव्हेंबर २०२४ ला आलं, त्याच दिवशी बसवलं. वॉरंटी एक वर्षाची.

महिनाभर छान चाललं. डिसेंबर संपता संपता पोळी एका बाजूने कच्ची राहायला लागली. एकदा मी ओट्यावर ओळीने बारा पोळ्या मांडून बघितल्या. बाराही पोळ्यांची डावी बाजू खरपूस, आणि उजवी बाजू पांढरीफटक, बोट लावलं तर कणीक बोटाला येते. टेंपरेचर वाढवलं की डावीकडे करपतं, उजवीकडे तसंच. म्हणून आता प्रत्येक पोळी मशीनमधून काढून परत तव्यावर टाकतो. मशीनचं लाइट बिल वेगळं, गॅस वेगळा, आणि खांद्याचा त्रास होता तिथेच आहे.

कंपनी परराज्यातली. त्यांचा माणूस तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्यांदा म्हणाला व्होल्टेज कमी येतंय. तिसऱ्यांदा म्हणाला तुम्ही गोळे मधोमध ठेवत नाही. जुलैपासून फोनच उचलत नाहीत. शेवटी मी व्हॉट्सॅपवर लिहिलं की ग्राहक कोर्टात जाईन. त्यावर उत्तर आलं, "मॅडम, बिल फर्मच्या नावाने आहे, त्यावर तुमचा उद्यम नंबर आहे. तुम्ही बिझनेस बायर, कन्झ्युमर नाही. आणि बिलाखाली लिहिलंय, वाद आमच्याच शहरात चालेल."

खरंच असं आहे का? दोन हजारांचा मिक्सर घेणाऱ्याला जो हक्क आहे तो साडेचार लाख मोजणाऱ्या बाईला नाही? वॉरंटी संपायला तीन महिने उरलेत. रात्री झोप लागत नाही.

राजू_श्रीरामपूर

ताई, वाईट वाटेल, पण फर्मच्या नावाचं बिल म्हणजे विषय संपला. माझ्या मेव्हण्याने झेरॉक्स मशीनची तक्रार टाकली होती, 'व्यापारी हेतू' म्हणून काढून टाकली. वकिलाचे पैसे वाया घालवू नका.

माधुरी_ठाणे

आधी १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवतात. कधी कधी तेवढ्यानेच हलतात.

शिरोली_लेथ

ताई, मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातून द्यायचं, जॉबवर्क करतो. राजूभाऊंनी लिहिलंय ते अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यापायी लोक घरी बसून राहतात. मी याच वाटेने गेलोय, हरलोय, आणि दुसऱ्या वाटेने थोडंफार मिळवलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

२०१६ मध्ये मी सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा लेथ, घेतलं, साडेचौदा लाखांचं. चौथ्या महिन्यात टरेट, म्हणजे टूल धरणारा फिरता भाग, अडकायला लागला. टूल बदलायला टरेट फिरायचा आणि दोन स्टेशनच्या मध्येच थांबायचा. जॉब चकमध्ये तसाच, अलार्म वाजतोय, ऑपरेटर माझ्याकडे बघतोय. कंपनीचा इंजिनिअर यायचा, सेन्सर पुसायचा, चार दिवस चालायचं, की पुन्हा तेच. २०१७ मध्ये मी जिल्हा ग्राहक मंचात गेलो. तेव्हा मंच म्हणायचे, आता आयोग म्हणतात.

सुप्रीम कोर्टाचा लक्ष्मी इंजिनिअरिंगचा १९९५ चा निकाल मला कुणीतरी वाचायला दिला होता. आपल्याच महाराष्ट्रातला लघुउद्योग, मशीनच्या दोषाचंच भांडण. त्यात कोर्टाने उदाहरणं दिलीत. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा रिक्षा घेतो, तो ग्राहक. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी लेथ मशीन घेणारा, तोही ग्राहक. हाताखाली मदतीला एक-दोन माणसं घेतली तरी तो ग्राहकच राहतो. पण मशीन सर्वस्वी दुसऱ्याकडूनच चालवून घेणार असेल, तर नाही. 'लेथ मशीन' हे शब्द निकालात वाचले आणि मला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय.

नव्हतं. समोरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, "मशीन कोण चालवतं?" मी खरं ते सांगितलं, दोन पाळ्यांत दोन ऑपरेटर. माझ्याकडे तेव्हा नऊ कामगार होते, ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) चलनावर नऊ नावं. मी ऑफिसात बसून कोटेशन काढायचो. एकोणीस महिन्यांनी तक्रार फेटाळली. आज मला तो निकाल बरोबरच वाटतो. लेथ कोण चालवतो हाच मुद्दा होता, आणि माझा लेथ मी चालवत नव्हतो.

आता तुमचं बघा. मशीनवर गोळे कोण ठेवतं? तुम्ही. बायका किती? दोन. घर कशावर चालतं? याच पोळ्यांवर. माझ्यात आणि तुमच्यात हा फरक आहे. उद्यम नंबर बिलावर आहे म्हणून तो पुसला जात नाही. मुद्रा कर्ज घेणाऱ्या कितीतरी जणांचं उद्यम असतंच.

पण ताई, तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला बोचली. आतापर्यंतचं सगळं फोनवर झालंय. माझंही तसंच झालं होतं. इंजिनिअर सात वेळा आला आणि माझ्याकडे सर्व्हिस रिपोर्ट दोनच, त्यातल्या एकावर 'मशीन ओके' लिहिलेलं, खाली माझीच सही. घाईत होतो, जॉब द्यायचा होता, वाचलंच नाही. त्या एका कागदाने मला फार छळलं. तुमच्याकडे तीन भेटींचे रिपोर्ट आहेत का? त्यावर काय लिहिलंय ते आज बघा.

आणि आजच कंपनीला ईमेल करा, तोच मजकूर स्पीड पोस्टने पाठवा, पोच सांभाळा. मशीन कधी आलं, दोष कधी दिसला, कोण कोणत्या तारखेला आलं, काय बदललं, तरी दोष कायम. शेवटी स्पष्ट लिहा की ही वॉरंटी चालू असताना दिलेली लेखी सूचना आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर मशीन बदला किंवा पैसे परत करा. नुसत्या फोनवर राहिलात तर १८ नोव्हेंबर उजाडेल आणि ते म्हणतील वॉरंटी संपली, तक्रार कधी आलीच नाही.

बारा पोळ्यांची ती ओळ पुन्हा मांडा, फोटो काढा, सलग व्हिडिओ घ्या. हजार-दीड हजारात टेंपरेचर गन मिळते. प्लेटच्या चार कोपऱ्यांवर धरून आकडे टिपा. व्होल्टेजचं त्यांनी काढलंय ना, मग लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रीडिंग घेऊन ठेवा, त्याच्या सहीने. व्होल्टेज कमी असतं तर पूर्ण प्लेटच थंड राहिली असती. नेमकी उजवी अर्धीच कशी राहते, हे त्यांना सांगावं लागेल. मला तर आतली एक कॉइल गेल्यासारखी वाटते. पण ओळखीच्या मेकॅनिकला पॅनल उघडू देऊ नका. सील तुटलं की ते तेवढंच धरून बसतील.

पोळीघर_चिंचवड

दादा, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. रिपोर्ट दोन सापडले. एकावर 'थर्मोस्टॅट रिप्लेस्ड' आहे. दुसऱ्यावर 'कस्टमर ट्रेनिंग गिव्हन' लिहून माझी सही घेतलीय. मला वाटलं ते आल्याची सही मागतायत. आता काय करू?

शिरोली_लेथ

घाबरू नका. आजच्या पत्रात तेही घाला. त्या तारखेला ट्रेनिंगचं लिहून सही घेतली, पण पोळी त्या दिवशीही उजवीकडे कच्चीच होती आणि आजही आहे. त्या दिवशी तुम्ही कुणाला फोटो पाठवला असेल, व्हॉट्सॅपवर काही लिहिलं असेल, तर ते शोधा.

वकील_सातारा

मी ग्राहक आयोगात आणि दिवाणी न्यायालयात काम करते. शिरोलीच्या दादांनी गाभा बरोबर सांगितला. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७). व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नाही, असं त्यात आहेच. पण खाली स्पष्टीकरण आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून, स्वतः वापरायला वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू धरला जात नाही. बिल कुणाच्या नावाचं, हे त्या कलमात कुठेही नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे फोटो प्रिंटिंगच्या मशीनचं प्रकरण होतं, पॅरामाउंट डिजिटल कलर लॅबचं. दोन बेरोजगार पदवीधरांनी भागीदारी फर्म काढून मशीन घेतलं होतं. फर्म होती, तरी कोर्टाने त्यांना ग्राहक मानलं. राजूभाऊ, तुमच्या मेव्हण्याच्या तक्रारीत स्वयंरोजगाराचं नीट लिहिलं होतं का, हे एकदा बघा. ती एक ओळ नसल्याने पडलेल्या तक्रारी माझ्या पाहण्यात आहेत.

त्यामुळे ताई, तुमच्या तक्रारीच्या अगदी सुरुवातीला हे यायला हवं: मी स्वतः मशीनवर काम करते, घर याच उत्पन्नावर चालतं, मदतीला फक्त दोन जणी. सोबत मुद्रा कर्जाचे कागद, दोन-तीन वर्षांचं आयकर विवरण असेल तर ते, गाळ्याचा भाडेकरार आणि त्या दोघींची प्रतिज्ञापत्रं. डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा जोडा, मशीन का घेतलं ते त्यातून कळतं. श्रीराम चिट्सच्या प्रकरणात मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की व्यापारी हेतू होता हे आधी समोरच्याने सिद्ध करायचं. ते झालं, तरच स्वयंरोजगाराचा पुरावा तक्रारदाराकडे येतो. पण यावर विसंबून हात बांधून बसू नका, पुरावा पहिल्या दिवशीच द्या. १९९६ मध्ये विटांच्या मशीनच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुराव्याअभावी मामला परत खाली पाठवला होता. नुसतं म्हणणं पुरत नाही.

त्यांच्या शहराची भीती सोडा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी पुणे. ग्राहक आयोगात बिलाखालची ती ओळ तुम्हाला अडवत नाही. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य, आणि तुमची रक्कम त्याच्या आत आहे. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. समोरच्याला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे मुदत देता येत नाही, असं २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेच सांगितलंय. मशीनची तपासणी लागणार असेल तर तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या, प्रकरण पाच महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्याची तयारी ठेवा.

आणखी एक. तक्रार मशीनच्या दोषावर उभी करा, 'सर्व्हिस देत नाहीत' एवढ्यावर नको. पूर्वीच्या कायद्यात स्वयंरोजगाराची सवलत सेवांनाही होती, नव्यात ती वस्तूंपुरतीच शब्दबद्ध आहे. सेवेचा मुद्दा मांडा, पण दुसऱ्या क्रमांकावर.

शिरोली_लेथ

वकील मॅडम, माझ्यासारख्यांचंही थोडं सांगा. नऊ-दहा कामगार असलेले बरेच जण हे वाचत असतील.

वकील_सातारा

हो, तेही सांगायलाच हवं. ग्राहक नसाल तरी हक्क संपत नाहीत. वस्तुविक्री कायदा १९३० सगळ्या खरेदीदारांना आहे, कंपनी असो की कारखाना. कलम १६ बघा. तुम्ही विक्रेत्याला सांगितलंत की अमुक कामासाठी मशीन हवंय, त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवलात, आणि तशा वस्तू विकणं हाच त्याचा धंदा असेल, तर ते मशीन त्या कामाला योग्य असलं पाहिजे, ही अट करारात न लिहिताही धरली जाते. म्हणून खरेदीआधीचे ईमेल जपा, 'आम्हाला तासाला इतके जॉब हवेत' असं लिहिलेले. मात्र कलम ६२ प्रमाणे ही अट करारात स्पष्ट लिहून काढून टाकता येते. कोटेशनच्या मागच्या बारीक अक्षरात नेमकं तेच असतं. सही करण्याआधी वाचा, खोडायला लावा.

माल घेऊन वापरत राहिलात की तो स्वीकारला असं धरतात. मग परत करण्याचा हक्क सहसा उरत नाही, नुकसानभरपाई मागता येते. कलम ५९ प्रमाणे वॉरंटी मोडल्याची रक्कम बाकी किमतीतून वळती करून घेण्याचा बचावही आहे. दाव्याची मुदत तीन वर्षं. तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद व्यावसायिक न्यायालयात जातो. तातडीचा मनाई आदेश नको असेल तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थी करावीच लागते.

शिरोली_लेथ

माझं तिथेच सुटलं. तक्रार फेटाळली म्हणून मी हबकलो होतो, वाटलं मुदत गेली. पण लक्ष्मी इंजिनिअरिंगच्याच निकालात शेवटी लिहिलंय की ग्राहक मंचात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा करून मागता येईल. त्या आधारावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये मध्यस्थीचा अर्ज दिला. कंपनीचा माणूस आला. मंचात जो माणूस माझ्याकडे बघतही नव्हता, तो शेजारच्या खुर्चीवर बसून टरेटचं ड्रॉइंग काढून दाखवत होता. नवा टरेट बसवून दिला, एक वर्षाची वॉरंटी लेखी दिली, नुकसानीपोटी मी मागितलेल्यातला थोडा भाग दिला. सगळं मिळालं नाही. पण मशीन आजही चालतंय.

बेकरी_मिरज

मध्येच विचारतो. मी ओव्हन घेतलाय, ६० हजार बाकी आहेत. एक बर्नर नीट पेटत नाही म्हणून पैसे थांबवलेत. विकणारा म्हणतो तो एमएसएमई (सूक्ष्म-लघुउद्योग) आहे, व्याजासकट वसूल करेल. करू शकतो का?

वकील_सातारा

तो नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर प्रयत्न करू शकतो. एमएसएमई कायद्यात उशिराच्या पैशावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज आहे. ओव्हन मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली होती का, यावर बरंच अवलंबून आहे. घेतली असेल तर विक्रेता ती दूर करेपर्यंत माल स्वीकारल्याचा दिवस धरला जात नाही. तोंडी हरकत चालत नाही. घेतली नसेल, तर आज दोष लिहून कळवा आणि पैसे का थांबवले ते त्यातच लिहा. गप्प राहून पैसे अडवून ठेवणं सगळ्यात वाईट.

पोळीघर_चिंचवड

मंडळी, अकरा दिवसांनी लिहितेय. दादांनी सांगितलं तसं केलं. टेंपरेचर गन आणली. डावीकडचे दोन कोपरे २१४ आणि २०९, उजवीकडचे १३२ आणि १२७. पाच दिवस सकाळी त्याच वेळेला मोजलं, पाच-सहा अंशांचा फरक सोडला तर आकडे तेच. इलेक्ट्रिशियनच्या रीडिंगमध्ये व्होल्टेज ठीक आहे, त्याने सही करून दिली. डिसेंबरमधला एक फोटोही सापडला, मी बहिणीला पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "बघ गं, अर्धी पोळी कच्ची". त्यावर तारीख आहे.

हे सगळं जोडून ईमेल आणि स्पीड पोस्ट केलं. वकील मॅडमनी सांगितलेलं कलम २(७) चं स्पष्टीकरण पत्रात शब्दशः घातलं. १९१५ वरही तक्रार नोंदवली. काल कंपनीतून स्वतःहून फोन आला, वेगळा माणूस होता. उद्यमचा विषय त्याने काढलाच नाही. म्हणाला, पुढच्या गुरुवारी पूर्ण प्लेट घेऊन येतो, बदलून देतो. मी म्हटलं, हे ईमेलवर लिहा, आणि नव्या प्लेटची वॉरंटी ती बसवल्याच्या दिवसापासून द्या. तो म्हणाला विचारून सांगतो. ईमेल अजून आलेला नाही. तक्रारीचा मसुदा मी तयार ठेवलाय, दोघींची प्रतिज्ञापत्रं झालीत.

मॅडम, प्लेट बदलून दिली आणि तरी अशीच राहिली, तर दोन वर्षं डिसेंबरपासून मोजायची की त्या दिवसापासून?

वकील_सातारा

डिसेंबर २०२४ पासूनच मोजा. उशिराचा दिवस धरता येईल असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर भरवसा ठेवून थांबू नका. गुरुवारी रिपोर्टवर सही करण्याआधी त्याच्यासमोर बारा पोळ्या काढा, चारही कोपऱ्यांचे आकडे रिपोर्टवर त्याच्याच हाताने लिहून घ्या, मग सही करा.